पारदर्शक कारभार

नाण्यांच्या जादूत निम्मं काम बोटं करतात आणि निम्मं टेबल करतं. टाळ्या मात्र सगळ्या बोटांना मिळतात. टेबलाचा हा वाटा लोकांना ठाऊक नसतो, आणि तो ठाऊक होऊ नये म्हणून जादूगार मंडळी गेली दोनशे वर्षं खपतायत.

रोबेर-उदँ नावाचा एक फ्रेंच घड्याळजी होता. 1845 साली त्यानं पॅरिसमध्ये स्वतःचं छोटंसं जादूचं थिएटर काढलं. त्याच्या आधीच्या जादूगारांची टेबलं जमिनीपर्यंत लोळणाऱ्या कापडानं झाकलेली असत आणि पुष्कळदा त्या कापडाआड चक्क एक जिवंत माणूस बसवलेला असे. वर जादूगार मंत्र म्हणतोय आणि खाली तो माणूस घामाघूम होऊन वस्तू बदलतोय, असा एकंदर कारभार. रोबेर-उदँला हे भिकार वाटलं. त्यानं लांब कापडं काढली आणि टेबलाखालच्या माणसाला घरी पाठवलं. पण वीस वर्षांत तो परत आला. 1865 साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये कर्नल स्टोडेअरनं एक उघडं टेबल मांडलं, त्याच्या पायांमध्ये आरसे बसवले आणि टेबलावरच्या पेटीतलं मुंडकं बोलायला लागलं. प्रेक्षकांना टेबलाखाली रिकामी जागा दिसत होती. मुंडक्याचं उरलेलं अंग तिथंच, आरशांमागं अवघडून बसलेलं होतं.

विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या टोनी स्लायडिनीनं हा प्रश्न मांडीवर घेतला. मी हे शब्दशः म्हणतोय. हा गृहस्थ खुर्चीवर बसून जादू करायचा. समोर टेबल, पलीकडे प्रेक्षक. बोलता बोलता हात टेबलाच्या काठाशी यायचा आणि हातातली वस्तू मांडीवर पडायची. हात पुढं जाऊन उघडायचा तेव्हा रिकामा. आमच्या धंद्यात याला ‘लॅप करणं’ म्हणतात. मी या स्लायडिनीच्या घराण्यातला. घराण्यातला म्हणजे आम्ही दोघंही बसून जादू करतो, एवढंच साम्य.

पन्नाशीत माणसाला मधुमेह होतो, नाहीतर छंद लागतो. मला दोन्ही एकाच वर्षी लागले. लहानपणी पुण्याच्या जादूगार रघुवीरांचा प्रयोग पाहिलेला होता. रघुवीरांनी देशोदेशी प्रयोग केले आणि ‘प्रवासी जादूगार’ नावाचं पुस्तक लिहिलं. माझा प्रवास अंधेरी ते चर्चगेट. तरी मनात ते बी कुठंतरी पडून राहिलं असावं, कारण डॉक्टरांनी साखर बंद केली त्याच आठवड्यात मी जे. बी. बोबो यांचं ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’ मागवलं. 1952 सालचं हे पुस्तक नाणेवाल्यांची पोथी आहे. त्यात एकच अडचण. बोबोसाहेब गृहीत धरतात की तुमच्या खिशात अमेरिकेचा अर्धा डॉलर आहे. तो 30.6 मिलिमीटर रुंद, चांगला जाडजूड, तळहातात धरला की बसतो. आपला 2019 नंतरचा रुपया 20 मिलिमीटरचा. तो तळहातात दडवला की प्रेक्षकांना सापडत नाही हे खरं, पण मलाही सापडत नाही. पूर्वीचं पाचाचं नाणं 9 ग्रॅमचं होतं, वजनदार होतं, पण सीमेपलीकडे जाऊन त्याच्या म्हणे दाढीच्या ब्लेडी झाल्या. राहिलं दहाचं. त्याच्यावर दुकानदारांचाच भरवसा नाही. सगळी नाणी खरी आहेत असं रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं. जे नाणं आधीच खोटं समजलं जातं त्याची जादू कोण खरी मानणार?

उत्तर आईच्या देव्हाऱ्यात निघालं. देवांच्या मागं एक पितळी डबी होती. तिच्यात लाल फडक्यात गुंडाळलेले चार राणी छाप रुपये. वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला बाहेर यायचे, हळदीकुंकू लावून घ्यायचे आणि परत डबीत जायचे. मी फूटपट्टी लावली. जवळजवळ साडेतीस मिलिमीटर. वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे नेमका एक तोळा. व्हिक्टोरिया राणीनं अमेरिकेच्या अर्ध्या डॉलरशी इतकं जुळतं माप माझ्यासाठीच ठेवलं असावं. आई आता नाही. डबीची मालकी कागदोपत्री माझी, पण प्रत्यक्ष ताबा बायकोचा. तेव्हा सराव ती भाजी आणायला गेली की करायचा आणि परत येताना लिफ्टचा आवाज आला की राणीला फडक्यात गुंडाळायचं. ही माझी पहिली हातचलाखी. ती कधी पकडली गेली नाही.

बाकीच्या पकडल्या गेल्या. तळहाताच्या मधोमध, अंगठ्याखालच्या आणि करंगळीखालच्या मांसल भागांत नाणं चिमटून धरायचं आणि हात मात्र रिकामा असल्याच्या थाटात हलवायचा, याला ‘क्लासिक पाम’ म्हणतात. तो अंगवळणी पडावा म्हणून दिवसभर हातात नाणं धरून हिंडावं, असा सल्ला असतो. बाहेर हिंडायला राणी नेण्याची माझी छाती नव्हती, म्हणून दहाचं नाणं. एका लग्नात स्टेजवर नवऱ्या मुलाशी हस्तांदोलन करताना ते त्याच्या हातात राहिलं. त्याच्या मागं हिशोबाची वही घेऊन बसलेल्या मामांनी शांतपणे माझ्या नावापुढं लिहिलं : रोख दहा. त्या घराशी आमचं येणं-जाणं अजून जरा जपूनच आहे.

असा मी तयार होत असताना माझ्या साडूंनी कोजागरीचं आमंत्रण दिलं.

साडू आरे कॉलनीत राहतात. गोरेगावच्या पूर्वेला, मुंबईच्या पोटात असलेलं हे बाराशे-तेराशे हेक्टरांचं रान. मेट्रो 3 च्या टोकाच्या स्थानकाला आता आरेचं नाव आहे, पण साडूंच्या दारापर्यंत रिक्षाच करावी लागते. तिथं पत्ता सांगायचा तो युनिट नंबर सांगून, म्हणजे म्हशींच्या तबेल्याचा नंबर सांगून. ‘अमुक युनिटच्या पुढं डावीकडं वळा, शेणाचा वास कमी झाला की आमची बिल्डिंग.’ साडूंनी हयात दुधाच्या खात्यात काढली. त्यांच्यासमोर मुंबईचा इतिहास काढला तर तो 1949 साली, शहरातल्या म्हशी आरेत हलवल्या तेव्हा सुरू होतो आणि 1951 साली नेहरू आले तेव्हा कळसाला पोचतो. त्यांचं दैवत म्हणजे दारा खुरोडी. म्हशीच्या जाड दुधात दुधाची भुकटी आणि पाणी घालून ते सगळ्यांना परवडेल असं करायचं, ही ‘टोन्ड मिल्क’ची कल्पना खुरोडींची. दुग्धव्यवसायातल्या कामासाठी 1963 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर. ‘पाणी गवळ्यानं घातलं तर भेसळ, खुरोडींनी घातलं तर योजना,’ साडू अभिमानानं सांगतात. ‘याला म्हणतात जादू. तुमचं ते नाणी लपवणं सोडा.’

तरीही त्यांनी मला जादूसाठी बोलावलं, याचं कारण त्यांच्या बिल्डिंगीत कोजागरीला दरवर्षी कुणीतरी गातं.

मी फोनवर तांत्रिक चौकशी केली. ‘टेबल आहे ना?’

‘आहे म्हणजे? असं टेबल तुम्ही पाहिलं नसेल.’

हे वाक्य मी कौतुकाचं समजलो. त्यात धोक्याची सूचना होती.

कोजागरीच्या संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा बिल्डिंगीच्या अंगणात शेगडीवर भलंमोठं पातेलं चढलं होतं. दूध आटत होतं, केशर-वेलदोड्याचा वास होता, आंब्याच्या झाडामागून चंद्र वर येत होता. चंद्राचं प्रतिबिंब दुधात पडावं म्हणून अंगणातले दिवे मालवायचे की बिबट्या येऊ नये म्हणून ते लावून ठेवायचे, यावर सेक्रेटरी आणि खजिनदारात दरवर्षीचा वाद चालू होता. आरेत हा वाद पोकळ नाही. शेजारीच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. कुत्र्यांच्या मागावर बिबटे कॉलनीत येतात आणि दिवेलागणीनंतर पोरांना कुणी एकटं सोडत नाही. शेवटी नेहमीप्रमाणे तोडगा निघाला : एकच ट्यूब चालू, बाकी चंद्र.

त्या एका ट्यूबच्या खाली माझं टेबल मांडलं होतं. स्टीलचे चार पाय आणि वर बारा मिलिमीटरची काच. स्वच्छ, नितळ, खालच्या सतरंजीवरचा गुलाबाचा छाप पाकळीन् पाकळी दिसेल अशी.

‘फर्निचर बाजारातून आणलं,’ साडू म्हणाले. ‘टफन्ड ग्लास आहे. हत्ती उभा राहिला तरी फुटायची नाही.’

मला हत्तीची काळजी नव्हती. माझी जादू ‘नाणी टेबलातून आरपार’ ही होती. म्हणजे डाव्या हातात चार नाणी घ्यायची, ती टेबलावर आपटायची, आणि एकेक नाणं टेबलाच्या लाकडातून खाली उजव्या हातात पडल्याचं दाखवायचं. ती आरपार जात नाहीत, हे सुज्ञांस सांगणे न लगे. ती मांडीवर जातात. माझी मांडी त्या दिवशी काचेच्या शोकेसमध्ये ठेवलेली होती.

मी मेहुणीला बाजूला घेऊन विचारलं, ‘ताई, एखादा टेबलक्लॉथ मिळेल का?’

‘आठ महिने झाले टेबल घेऊन,’ ताई म्हणाल्या. ‘वरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा काढला नव्हता. आज खास तुमच्यासाठी काढला, आणि तुम्ही झाकायचं म्हणता?’

लाकडी टेबल नाही का, असं विचारलं. होतं. त्याच्यावर शेगडी होती आणि शेगडीवर तीस माणसांचं दूध होतं. डोकं दुखतंय असं सांगायचा विचार केला, पण साडूंनी बिल्डिंगीच्या ग्रुपवर तीन दिवसांपूर्वीच माझा फोटो टाकून खाली ‘सुप्रसिद्ध’ लिहिलं होतं. प्रसिद्ध माणसाचं डोकं दुखू शकतं, सुप्रसिद्ध माणसाचं नाही.

मी बसलो. अंगात कोजागरीसाठी घातलेला लांब झब्बा होता. लॅप करायला झब्ब्यासारखं वस्त्र नाही. मांड्यांवर त्याची झोळी होते आणि नाणं आवाज न करता पडतं. ही सोय स्लायडिनीलाही नव्हती. पण वरून पाहणाऱ्याला ती झोळी झोळीच दिसते, आणि तिच्यात पैसे पडताना दिसले की माणूस काय समजेल ते समजो.

प्रेक्षकांची विभागणी गुडघ्यांवर झाली होती. ज्यांचे गुडघे दुखतात त्या सगळ्या आज्या आणि मावश्या मागं, लांब, खुर्च्यांवर. ज्यांचे दुखत नाहीत ती पोरं पुढं, सतरंजीवर, टेबलाला चिकटून. काही टेबलाच्या कडेला उभी. आता काचेचा एक गुण आहे. ती सरळ वरून पाहिली तर आरपार दिसते आणि लांबून, तिरकी पाहिली तर आरसा होते. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं दोनशे वर्षांपूर्वी याचं गणित मांडून ठेवलं आहे आणि काचेच्या अशाच परावर्तनाच्या जोरावर 1862 साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये पेपरसाहेबांनी रंगमंचावर भूत दाखवलं होतं. म्हणजे मागच्या आज्यांना माझ्या टेबलात फक्त ट्यूबलाइट दिसत होती. पोरांना मी संपूर्ण दिसत होतो.

पहिलं नाणं मी काचेवर ठेवलं आणि ‘खण्ण’ असा आवाज थेट तबेल्यापर्यंत गेला. एक म्हैस रेकलीसुद्धा. चांदीचा रुपया मऊ चटईवर ठेवायचा असतो. आमच्यात म्हणतात की नाणी ‘बोलता’ कामा नयेत, लपवलेलं नाणं दुसऱ्याला लागून वाजलं की संपलं. काचेवर माझी चारही नाणी भाषणं करत होती.

‘हे राणी छाप रुपये,’ मी सुरुवात केली. ‘शंभर वर्षांहून जुने.’

मागच्या रांगेतून बायकोचा आवाज आला, ‘अहो, ते आपल्या डबीतले आहेत का?’

मी न ऐकल्यासारखं केलं. हीही हातचलाखीच. ‘आणि हे भरीव टेबल,’ असं म्हणून मी नेहमीप्रमाणे टेबलावर बोटांनी टकटक केली.

खालून टकटक झाली.

वाकून पाहायची गरज नव्हती, काचेतून दिसतच होतं. तिसऱ्या मजल्यावरची एक सात-आठ वर्षांची मुलगी टेबलाखाली सतरंजीवर उताणी पडून, दुधाचा स्टीलचा पेला पोटावर ठेवून वर बघत होती. ‘काका, मी इथूनच बघते,’ ती म्हणाली. ‘इथून सगळं दिसतं.’

तिला बाहेर ये म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. मी नाणी डाव्या हातात घेतली, गप्पा मारत हात काठाशी आणला आणि एक नाणं झोळीत सोडलं. शपथेवर सांगतो, मी ते सुरेख सोडलं. स्लायडिनीनं मान हलवली असती.

‘काका, तुमचा एक रुपया पडला,’ एक मुलगा अदबीनं म्हणाला. पोरं संस्कारी होती, हीच तर अडचण. ‘मांडीवर आहे. झब्ब्यात.’

‘थँक यू बाळा,’ मी म्हणालो आणि उरलेली तीन नाणी काचेवर आपटली. उजवा हात टेबलाखाली नेला, झोळीतून रुपया उचलला आणि वर आणून दाखवला. एक नाणं आरपार!

‘अगं बाई!’ मागून आज्या. ‘काचेतून गेलं!’ टाळ्या.

‘आजी, मांडीवरनं उचललं!’ पुढून पोरं.

‘गप रे. मोठ्या माणसांचं कौतुक करावं.’

इथून पुढं माझे दोन कार्यक्रम एकाच वेळी चालू झाले. मागं खुर्च्यांवर चमत्कार आणि पुढं सतरंजीवर तपास. पोरांना ट्यूबचा उजेड कमी पडायला लागला तशी त्यांनी आपापल्या आयांचे मोबाइल आणले, टॉर्च लावले आणि ते काचेखालून माझ्या मांडीवर रोखले. एका पोरानं धावतं समालोचन सुरू केलं. ‘आता डावा हात मागे येतोय... एक सुटला... काका वर बघायला सांगतायत, कुणी वर बघू नका... उजवा हात खाली गेला... उचलला.’ मी दुसरं नाणं काढलं, मग तिसरं. प्रत्येक वेळी आज्यांचा जल्लोष आणि पोरांचा पंचनामा. साडू मधे उभे राहून दोन्हीकडे अभिमानानं बघत होते. त्यांना वाटत होतं की कार्यक्रम रंगला. तसा तो रंगलाच होता. आयुष्यात माझ्या हातांकडे इतक्या एकाग्रतेनं कुणी पाहिलेलं नाही, अगदी लग्नात पाणिग्रहणाच्या वेळीसुद्धा.

जादूगार अशा वेळी एकच गोष्ट मागतो : मिसडायरेक्शन. क्षणभर सगळ्यांनी दुसरीकडे बघावं. बाकीचं तो बघून घेतो. मी मनातल्या मनात ती मागत होतो. चौथ्या नाण्यासाठी हात उचलला, तेवढ्यात पातेल्याच्या दिशेनं कुणीतरी किंचाळलं,

‘बिबट्या!’

तीस माणसं एका झटक्यात वळली. टॉर्च वळले, मोबाइल वळले, आज्या दुखऱ्या गुडघ्यांवर उभ्या राहिल्या. कुणीही, अगदी कुणीही, माझ्याकडे पाहत नव्हतं. स्लायडिनीला जन्मभरात असं मिसडायरेक्शन मिळालं नसेल. त्या दहा-पंधरा सेकंदांत मी टेबलातून नाणंच काय, शेगडी आरपार नेऊ शकलो असतो. पण मी खुर्चीवर चढून बिबट्या बघत होतो. झोळी झटकली गेली होती आणि चार तोळे चांदी अंगणभर झाली होती.

बिबट्या निघाला नाही. बोका होता, बिबट्याच्याच कुळातला, मोठ्या अंगाचा, काळापिवळा, पातेल्याच्या कडेवर पुढचे पाय ठेवून उभा. त्याला हाकललं, दूध वाचलं आणि वाद नव्यानं पेटला : सगळे दिवे लावले असते तर बोका दिसला असता की नसता.

मग नाणी शोधायला सुरुवात झाली. तीन लगेच मिळाली. चौथं मिळेना. पोरं रांगत होती, सेक्रेटरी टॉर्च धरून कुंड्या हलवत होते. बायको माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, ‘लक्ष्मीपूजन पंधरा दिवसांवर आलंय. सासूबाई वरून बघतायत.’ वरून बघणाऱ्यांची संख्या त्या दिवशी आधीच जास्त होती.

‘काका,’ टेबलाखालून आवाज आला. ‘शेवटचं राहिलं ना. करा की.’

काचेतून पाहिलं तर ती तिसऱ्या मजल्यावरची बाई तशीच उताणी पडलेली. बिबट्या आला, गेला, हिनं कूस बदललेली नव्हती. तिनं मूठ किंचित उघडली. आत राणी. मग मूठ मिटून तिनं दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं, आणि पोटावरचा रिकामा पेला डोळ्यांनी दाखवला.

काच असल्याचा मला झालेला हा पहिला फायदा.

मी खुर्चीत बसलो. ‘मंडळी, शेवटचं नाणं,’ असं म्हणून मी रिकामी मूठ भरलेल्या मुठीच्या ऐटीत वर धरली. पोरं पळत आली. सगळे टॉर्च पुन्हा माझ्या मांडीवर. समालोचक म्हणाला, ‘सगळ्यांनी फक्त झब्ब्याकडे बघा. या वेळी सोडायचं नाही.’ मी दोन्ही हात वर घेतले, बाह्या मागं सारल्या आणि तळहात काचेवर आपटला.

टेबलाखाली पेल्यात ‘खण्ण’ वाजलं.

समालोचक थांबला. झब्ब्यात काही पडलं नव्हतं. दोन्ही हात वर होते. टॉर्च मांडीवरून माझ्या हातांवर, हातांवरून काचेवर असे हिंडले आणि शेवटी पेल्यापाशी आले. तोवर ती मुलगी इतकी बावळट चेहरा करून पडली होती की तिच्यावर संशय घ्यायला माणूस निर्दयी असावा लागला असता. तिनं पेला वर धरला. आत चांदीचा रुपया, दुधाच्या सायीत.

आज्यांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या काय, मघापासूनच वाजवत होत्या. या वेळी पोरांनी वाजवल्या.

रोबेर-उदँनं घरी पाठवलेला तो माणूस पावणेदोनशे वर्षांनी आरे कॉलनीत टेबलाखाली येऊन बसला होता, तोही कापड नसताना, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कापडाची गरजच नव्हती. सगळे माझी मांडी बघत होते. आपल्या मदाऱ्याला हे फ्रेंच माणसाच्या आधीपासून ठाऊक असावं. चारी बाजूंनी गर्दी, टेबल नाही, आडोसा नाही, जमिनीवर एक फडकं आणि समोर एक पोरगा, जमूरा. लोक मदाऱ्याच्या डमरूकडे बघतात.

कार्यक्रमानंतर दोन्ही पक्ष माझ्यापाशी आले. आज्या म्हणाल्या, चारही छान झाली. पोरं म्हणाली, तीन आम्हाला कळली, चौथी कशी केली ते सांगा. जादूगारानं रहस्य सांगायचं नसतं, असं मी म्हणालो. आधीच्या तीन रहस्यांबद्दल त्यांना चकार शब्द काढायची गरज वाटली नाही, हा त्यांचा मोठेपणा. साडूंनी मसाला दुधाचा पेला पुढं केला, बायकोनं तो वाटेतच अडवला. साखर.

मानधनाचा प्रश्न मात्र राहिला. मुलीनं मला जिन्यापाशी गाठलं आणि हात पुढं केला. राणी छाप मागत होती. मी म्हणालो, ते देवाचे आहेत. तिनं विचार केला. मी खिशातून दहाचं नाणं काढून दिलं. तिनं ते उलटसुलट करून परत माझ्या हातावर ठेवलं.

‘हे कोण घेत नाही,’ ती म्हणाली. ‘नोट द्या.’

पन्नासावर तडजोड झाली. मग तिनं मला काही सूचना केल्या. नाणं सोडताना काका तुम्ही दर वेळी खाकरता. डावा खांदा खाली जातो. आणि खोटं हसू नका, त्यानं लगेच कळतं. बोबोच्या पुस्तकात यातलं बरंच आहे, पण इतकं थोडक्यात नाही. ‘गणपतीत आपला कार्यक्रम ठेवू,’ ती म्हणाली. ‘तुम्ही वर बसून नुसतं बोलत राहा. हात हलवू नका. बाकी मी बघते.’

गेल्या महिन्यात साडूंनी बिल्डिंगीच्या ग्रुपवरचं गणेशोत्सवाचं पत्रक मला पाठवलं. रांगोळी स्पर्धा, संगीत खुर्ची, आणि तिसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता जादूचे प्रयोग. तिचं नाव मोठ्या अक्षरांत आहे. त्याखाली बारीक टाइपात ‘साथ : काका’. मी साडूंना फोन करून सुप्रसिद्धचं काय झालं असं विचारलं, तर ते म्हणाले, जागा पुरली नाही. टेबल तेच ठेवायचं आहे, असा तिचा आग्रह आहे. फक्त ताईंनी अट घातली आहे की प्लॅस्टिकचा कागद काढणार नाही.